शिरोडकरचं पुढे काय झालं?

सुट्ट्या लागल्या की कुणीतरी विचारतंच, वयात येणाऱ्या मुलांबरोबर घरी बसून बघता येतील असे सिनेमे सुचव ना. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा अमेरिकन हायस्कूलवाले सिनेमे असतात, ते लॉकर, ती पिवळी बस, शेवटी प्रॉम. तेही बघावेत, मलाही त्यातले बरेच आवडतात. पण माझ्या यादीत सगळ्यात वर आपले मराठी सिनेमेच असतात आणि त्याचं कारण फक्त भाषेचं प्रेम हे नाहीये. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी सिनेमाने सगळ्यात मनापासून आणि सातत्याने काय केलं असेल तर ते बारा ते सोळा वयाच्या पोरांच्या गोष्टी सांगणं, असं माझं ठाम मत आहे. एकामागून एक दिग्दर्शक आले आणि बऱ्याच जणांनी पहिलाच सिनेमा शाळकरी पोरावर केला, आणि तो असा केला की मोठ्या माणसांनाही गप्प बसून बघावा लागला.

हे सगळे सिनेमे सलग बघितले की एक गोष्ट जाणवते. आपल्याकडचं पोरगं मोठं होण्यासाठी घर सोडून कुठे जात नाही. ते घरातच मोठं होतं, ज्या दिवशी त्याला दिसतं की आपली आईसुद्धा कुणालातरी घाबरते, आपला बाप कुणापुढेतरी मान खाली घालतो, त्या दिवशी. प्रेमबिम असतंच, पहिली नजर, चिठ्ठी, सगळं असतं, पण मोठं करणारी गोष्ट ती नसते.

अविनाश अरुणचा 'किल्ला' घ्या. 2014 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं आणि ते बक्षीस देणारी ज्युरी मुलांचीच असते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणजे तिकडच्या शाळकरी पोरांनी कोकणातल्या पावसातली ही मराठी गोष्ट सबटायटल वाचत बघितली आणि ठरवलं की हाच आमचा सिनेमा. आपल्याकडे तो 2015 च्या जूनमध्ये थेटरात आला. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील नुकतेच गेलेत, आईची सरकारी नोकरी आणि तिची बदली झालीय कोकणातल्या एका छोट्या गावात. पुण्याचा हुशार मुलगा, नवी शाळा, मागच्या बाकावरची वात्रट गँग, त्यात पार्थ भालेरावचा बंड्या, जो बघितल्यावर प्रत्येकाला आपल्या वर्गातला कुणीतरी आठवतोच.

त्यातला किल्ल्याचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. पोरं सायकलींची रेस लावतात, किल्ल्यावर पोचतात, तटावर हुंदडतात, आणि मग पाऊस येतो. कोकणातला पाऊस, आला म्हणजे आला. चिन्मय आत अंधारात एकटा राहतो, हाका मारतो, आणि त्याच्या लक्षात येतं की बाकीचे त्याला सोडून निघून गेलेत. बास, एवढाच प्रसंग आहे. पण त्या पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते फक्त 'मित्र सोडून गेले' एवढं नाहीये, त्यात वडील गेल्याचं आहे, पुणं सुटल्याचं आहे, सगळेच मला सोडून जातात असं काहीतरी आहे, आणि हे कुणीही संवादात सांगत नाही. कॅमेराही अविनाश अरुणचाच आहे, आणि भिजलेला दगड, शेवाळ, समुद्राचा तो राखाडी रंग हे सगळं मिळून ती गोष्ट सांगतं. नंतर तो कुणाशी बोलत नाही, बंड्याशी तर मुळीच नाही. इकडे आई ऑफिसात एका प्रकरणात अडकत चाललीय, अमृता सुभाषने ती आई अशी केलीय की ती घरी येऊन पदर खोचून स्वयंपाकाला लागते तेव्हासुद्धा तिच्या खांद्यावर ऑफिस दिसतं. मुलाला वाटतं आईचं माझ्याकडे लक्ष नाही, आणि मग हळूहळू त्याला कळायला लागतं की आईसुद्धा ह्या गावात एकटीच आहे. तिथे तो मोठा होतो. ज्यांच्या घरात बदलीची नोकरी होती त्यांनी हा सिनेमा आपल्या आईबरोबर बघावा, मुलाबरोबर नंतर बघा.

आता 'शाळा'. मिलिंद बोकील यांची कादंबरी 2004 ची, आणि सुजय डहाकेचा त्यावरचा सिनेमा 2012 च्या जानेवारीत आला. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही गँग, आणि वर्गातली शिरोडकर. ज्यांनी पुस्तक आधी वाचलं त्यांचं आणि सिनेमाचं थोडं भांडण असतंच. माझं म्हणणं असं की पुस्तक पुस्तकाच्या जागी ठेवा आणि सिनेमा अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या चेहऱ्यांसाठी बघा. त्या वयात एखाद्या मुलीच्या घरावरून नुसतं चालत जाणं हे केवढं मोठं काम असतं, त्यासाठी किती प्लॅनिंग लागतं, कुठल्या वेळी ती क्लासला निघते, कुठल्या वळणावर आपण योगायोगाने असल्यासारखं दिसायचं, हे सगळं त्यात इतकं खरं आलंय. जितेंद्र जोशीचा नरूमामा तर प्रत्येक घरात एक असायला हवा, भाच्याच्या वयाचं न होता भाच्याशी त्याच्या वयाचं बोलणारा.

हा सिनेमा मी माझ्या भाचीबरोबर बघितला. ती नाशिकला असते, नववीतच आहे, म्हणून मुद्दाम निवडला होता. सिनेमा तिला आवडला, मध्ये मध्ये खूप हसली, सुऱ्याचं प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जातं तिथे एकदम टेन्शनमध्ये आली. आणि संपल्यावर म्हणाली, "मावशी, पण शिरोडकरच्या घरी काय झालं? तिला कुणी ओरडलं का? तिला जायचं होतं का ते गाव सोडून?"

मला उत्तर देता येईना, कारण सिनेमात ते नाहीच. जोशीचं घर आपल्याला आतून-बाहेरून माहीत असतं, आई, बाबा, बहीण, मामा, जेवणाचं ताट, अभ्यासाची जागा. शिरोडकर मात्र रस्त्यावर, वर्गात, कॅम्पवर, जिथे जिथे जोशीची नजर पोचते तिथेच असते आणि मग एक दिवस ती निघून गेलेली असते. मला हा काही सिनेमाचा किंवा कादंबरीचा दोष वाटत नाही, गोष्टच जोशीच्या डोळ्यांनी सांगितलेली आहे आणि नववीतल्या मुलाला मुलीबद्दल खरोखर तेवढंच माहीत असतं, सगळी गंमत आणि सगळी हुरहूर त्याच्यावरच उभी आहे. पण त्या प्रश्नानंतर मी माझी ही सगळी लाडकी यादी पुन्हा तपासायला घेतली. मुलगा कुठे मोठा होतो हे मला प्रत्येक सिनेमात बोट ठेवून दाखवता येतं. मुलगी कुठे मोठी होते?

'फँड्री' पुन्हा लावला. नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा, 2014 च्या व्हॅलेंटाइनच्या दिवशी रिलीज झालेला. कैकाडी समाजातला जब्या, सोमनाथ अवघडेने केलेला, त्याची वर्गातली शालू आणि ती काळी चिमणी जी पकडून तिची राख शालूवर टाकली की ती आपल्या प्रेमात पडेल असा जब्याचा पक्का विश्वास. ह्या सिनेमावर खूप लिहून झालंय, मी फक्त दोन जागा सांगते. एक, जत्रेत सगळी पोरं बेभान नाचतायत, जब्या नवे कपडे घालून त्या गर्दीत घुसलाय, क्षणभर तो त्यांच्यातलाच एक झालाय, आणि तेवढ्यात बाप बोलावतो आणि त्याच्या डोक्यावर मिरवणुकीतली बत्ती दिली जाते. बाकीचे नाचतायत आणि हा त्यांना उजेड दाखवत उभा. दोन, डुक्कर पकडण्याचा प्रसंग. अख्खं कुटुंब डुकरामागे पळतंय, शाळेजवळ, गावातले लोक मजा बघतायत, शाळेतली पोरं बघतायत, जब्या भिंतीआड लपतोय, आणि अगदी हातातोंडाशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थांबतात. डुक्कर निघून जातं. किशोर कदमांचा कचरू त्या वेळी जसा उभा आहे, दमलेला, हातात दोर, नजर समोर, तो माणूस एकदा बघितला की विसरता येत नाही. जब्याला बापाचा राग येतो, लाज वाटते, आणि शेवटी तो राग बापावरून सरकून जिथे जायला पाहिजे तिथे जातो, त्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्याकडे येतो.

आणि शालू? शालू त्या गर्दीत आहे. सगळ्यांबरोबर हसतेय. अख्ख्या सिनेमात जब्याशी ती जवळजवळ बोलतच नाही. भाचीने हा सिनेमा माझ्याबरोबर बघितला तेव्हा ती शालूवर भयंकर चिडली, आणि मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, ती नसती हसली तर तिला बाकीच्यांनी काय केलं असतं? हा विचार मला तोपर्यंत शिवला नव्हता. आणि जब्याच्या घरातसुद्धा एक मुलगी आहे बरं का, त्याची बहीण, जिच्या लग्नाच्या पैशासाठी बाप ते डुकराचं काम अंगावर घेतो. म्हणजे त्या सगळ्या मानहानीच्या मुळाशी एका मुलीचं लग्न आहे, हुंडा आहे, आणि ती स्वतः घराच्या कोपऱ्यात आहे. नागराज मंजुळेंनी ती तिथे ठेवलीय, दिसेल अशी, बघायचं आपण विसरतो.

म्हणूनच मला 'सैराट' त्यानंतर फार वेगळा दिसला. 2016 चा सिनेमा, गाणी सगळ्यांना पाठ, आर्चीचा ट्रॅक्टर, आर्चीची बुलेट, करमाळ्याकडचं ते लख्ख ऊन. बहुतेक लोकांना पहिला अर्धा भाग आवडतो, दुसरा लांबलेला वाटतो. मला वाटतं खरा सिनेमा इंटरव्हलनंतरच सुरू होतो. पहिल्या भागात आर्ची दांडगी आहे, पण तो दांडगेपणा बापाच्या जिवावरचा आहे, पाटलाची पोर आहे म्हणून तिला कुणी हात लावत नाही. हैदराबादला पत्र्याच्या खोलीत, नाकाला ओढणी लावून, भाषा कळत नाही, पाणी भरायचं कसं माहीत नाही, तिथे ती पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर उभी राहते. कामाला जाते, तिकडची भाषा शिकते, चार पैसे साठवते. रिंकू राजगुरू स्वतः तेव्हा शाळेत होती आणि तिने हे जे केलंय ते बघून मी अजूनही थक्क होते. शेवट माहीत असूनसुद्धा तो भाग पुन्हा बघा, फक्त तिच्याकडे लक्ष ठेवून. शेवटामुळे हा सिनेमा लहान मुलांना दाखवू नका एवढं मात्र सांगून ठेवते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांना दाखवलात तर नंतर त्यांना एकटं सोडून उठू नका.

काही सिनेमे पटकन सांगते, कारण ते यादीत हवेतच. उमेश कुलकर्णींचा 'विहीर', 2010 ला आपल्याकडे लागला, नात्याने भाऊ आणि त्याहून जास्त जिवाचे मित्र असलेले समीर आणि नचिकेत, त्यातला एक जातो आणि दुसरा त्याला शोधत राहतो. मरण म्हणजे काय हा प्रश्न चौदाव्या वर्षी जितका खोल पडतो तितका पुढे कधीच पडत नाही, आणि तो प्रश्न न घाबरता विचारणारा हा सिनेमा आहे. संथ आहे. मुलं कंटाळतील असं वाटतं पण ज्यांच्या जवळचं कुणी गेलंय ती मुलं अजिबात कंटाळत नाहीत, हे मी बघितलंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 चा 'दहावी फ', अतुल कुलकर्णींचा मास्तर, तुकडीवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या शाळेतल्या शेवटच्या तुकडीची गोष्ट, दहावीचं वर्ष असलेल्या प्रत्येक घरात लागायला हवा. रवी जाधवांचा 'बालक पालक' मुलांना दाखवण्याआधी आईबाबांनी स्वतः बघावा, चाळीतल्या पोरांना मोठी माणसं प्रश्नांची उत्तरं देत नाहीत आणि मग ती उत्तरं व्हिडिओच्या दुकानातून आणतात, आज तेच दुकान प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यातली दोन मुलं आणि दोन मुली असा जो ग्रुप आहे तो मला फार आवडतो, मुलींनाही तेवढंच कुतूहल असतं हे मान्य करणारा सिनेमा आपल्याकडे विरळाच.

पण मला थांबायचंय ते 'दोघी'पाशी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, साल 1995. ह्या सगळ्या सिनेमांच्या किती आधीचा आहे बघा, आणि तरी वयात येण्याच्या सिनेमांची यादी करताना कुणी त्याचं नावसुद्धा घेत नाही. दोन बहिणी, मोठी गौरी, धाकटी कृष्णा. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. गौरीचं लग्न ठरलंय, मांडव घातलाय, आणि येणाऱ्या वऱ्हाडाचा अपघात होतो, नवरदेव जातो. धक्क्याने वडील लुळे पडतात. गावाच्या लेखी सगळ्याला जबाबदार कोण, तर हळद लागलेली मुलगी. पांढऱ्या पायाची. घर बसतं, दोन वेळचं खायची मारामार, मग मामा गौरीला मुंबईला घेऊन जातो कामाला, आणि तिकडून मनिऑर्डरी यायला लागतात. कसलं काम ते घरात कुणी विचारत नाही. आईलासुद्धा विचारायचं नसतं, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल.

हे सगळं आपण कृष्णाबरोबर बघतो, म्हणून हा वयात येण्याचा सिनेमा आहे. शाळेत जाणारी, ताईच्या मागे मागे फिरणारी ही मुलगी आधी नुसती बघत असते, मग तिला थोडं थोडं कळायला लागतं, घरात आलेल्या पैशाकडे मोठी माणसं कशी बघतात, ताईचं नाव निघालं की आवाज कसे खाली येतात. आणि मग तिच्या स्वतःच्या लग्नाला ती ताई येते. जिच्या पैशावर घर तगलं तिलाच घरात कुठे बसवायचं हा प्रश्न. उत्तरा बावकर यांची आई बघताना राग आणि माया एकाच वेळी येते, ती बाई दुष्ट नाहीये, ती पार पिळून निघालीय. ना. धों. महानोरांची गाणी आहेत, आनंद मोडकांचं संगीत आहे, उजाड माळ आहे. आणि कृष्णाला जे कळतं ते जब्याला किंवा चिन्मयला कळतं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. त्या दोघांना आपले आईबाप किती हतबल आहेत ते कळतं. कृष्णाला हे कळतं की मोठी माणसं हतबल झाली की ती कुणाला पुढे करतात.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. मुलाची गोष्ट सांगताना तो बघतो आणि मोठा होतो एवढं पुरतं, कारण बघून झाल्यावर त्याला निदान दगड तरी उचलता येतो. मुलगी बघत असते त्याच वेळी तिलाही सगळं घर, सगळी गल्ली बघत असते, आणि ती मोठी झालीय हे तिच्या आधी बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे तिची गोष्ट सांगायला घेतली की ती गोड राहत नाही, हुरहूर लावून संपत नाही, आणि निर्मात्यांना ती विकायला अवघड वाटत असणार.

तरी ज्यांनी सांगितली त्यांनी काय सांगितलीय! जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' आहे, 2023 ला टोरंटोच्या फेस्टिव्हलमध्ये त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे 2025 च्या मार्चमध्ये थेटरात आला. चंद्रपूरकडचं गाव, कापसाचा शेतकरी बाप, कॉलेजात जाणारी सविता जिला एमपीएससी द्यायचीय आणि घरात तिला बघायला येणाऱ्यांची रांग. सिनेमा सुरू होतो तोच एका स्वप्नाने, मुलगा पाटावर बसलाय, पोहे घेऊन तोच आलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. आणि मग जाग येते आणि तेच प्रश्न तिला. पुन्हा. मग पुन्हा. तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न, दिग्दर्शकाने ते तसेच्या तसे परत परत दाखवलेत आणि प्रत्येक वेळी नंदिनी चिकटेच्या चेहऱ्यावरचं काहीतरी एक कमी होत जातं. कामं करणारे सगळे तिकडचेच लोक, बोली तिकडची, पुण्या-मुंबईकडच्यांनी खुशाल सबटायटल लावावेत. कॉलेजात त्याच मुलीला वर्गात स्त्री सक्षमीकरण शिकवलं जातंय. वहीत लिहून घेतेय ती. माझ्या भाचीला पहिल्या सीनला खूप हसू आलं, आणि मग ती हळूहळू हसायची बंद झाली, आणि शेवटी तिच्या आईला फोन करून विचारलं, तुला असं किती जणांनी बघितलं होतं? त्या फोनवर माझी बहीण आणि तिची मुलगी खूप वेळ बोलत होत्या. मी चहा करायला उठले.

मराठीच्या बाहेर जायचं तर आसामीतला रीमा दासचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' घ्या, 2017 चा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्या बाईने स्वतःच्या गावात, स्वतः कॅमेरा धरून, स्वतः एडिट करून हा सिनेमा केलाय. धुनू नावाची मुलगी, मुलांबरोबर झाडावर चढणारी, थर्माकोलची गिटार करून बँड करणारी, तिला खरी गिटार हवीय. बाप पुरात गेलाय, आई एकटी. मग एके दिवशी पाळी येते, गावातल्या बायका विधी करतात, आता मुलांबरोबर हुंदडायचं नाही असं सांगायला लागतात, आणि आई, जी दिवसभर शेतात राबते, ती आपल्या मुलीच्या बाजूने उभी राहते. तीच आई मुलीला पोहायलाही शिकवते. हा सिनेमा दहा-अकरा वर्षांच्या मुलींबरोबर बिनधास्त बघा, मुलांबरोबर तर नक्की बघा, पाळी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायला यापेक्षा सोपी संधी मिळणार नाही.

आणि जरा मोठ्या मुलींसाठी, सतरा-अठराच्या, शुची तलाटीचा 'गर्ल्स विल बी गर्ल्स', 2024 चा. डोंगरातलं बोर्डिंग, शाळेत मुलींमधून पहिल्यांदाच हेड प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रमुख, झालेली मीरा, तिचं पहिलं प्रेम, आणि ह्या दोघांच्या मध्ये येऊन बसणारी तिची आई. शाळेतली मुलं जिन्याखालून मुलींचे फोटो काढतात आणि ओरडा मुलींना बसतो, स्कर्टच्या उंचीवरून. प्रीती पाणिग्रही आणि कनी कुसृती, दोघींचं काम बघण्यासारखं. यात शरीराबद्दलचे प्रसंग मोकळेपणाने आलेत, तेव्हा आधी स्वतः बघा. आईने मुलीबरोबर बघितला तर थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ दे, सिनेमाच त्या अवघडलेपणाबद्दल आहे.

बघायचे कसे याबद्दल थोडं. कुठल्या अ‍ॅपवर काय आहे ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, हक्क बदलतात तसे सिनेमे इकडून तिकडे जातात, नाव देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगने दोन्ही प्रकारे शोधा. टीव्हीवर बघा, फोनवर नको, कारण फोनवर बघताना प्रत्येक जण एकटाच असतो आणि हे सिनेमे शेजारी कुणीतरी असताना बघायचे आहेत. मध्ये थांबवून समजावून सांगू नका. संपल्यावर 'काय शिकलास यातून' हा प्रश्न तर कृपा करून विचारूच नका, त्या प्रश्नाने मुलं कायमची मिटतात. नुसते बसून राहा, भांडी आवरा, ती आपणहून काहीतरी बोलतात. कधी दुसऱ्या दिवशी बोलतात, गाडीत, भलत्याच विषयाच्या मध्ये. आणि सिनेमा बघताना ज्याची गोष्ट चाललीय त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच, तुम्ही जरा कडेला कोण उभं आहे ते बघत जा, बहुतेक वेळा तिथे एक मुलगी असते.

एक सिनेमा मला बघायचाय जो अजून कुणी केलेला नाही. नाशिक, सांगली, लातूर, कुठलंही मधलं शहर. नववीतली मुलगी. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, वर्गातला एक मुलगा तिच्या बिल्डिंगखालून सायकलवरून जातो आणि तिला ते माहीत आहे, ती खिडकीत यायचं की नाही ते ठरवते, आल्यावर आईने बघितलं तर काय सांगायचं तेही ठरवते. शाळेतल्या बाथरूमला कडी नाही म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते. तिचा फोन रात्री बाबांकडे जमा होतो, भावाचा होत नाही. तिची एक मैत्रीण आहे जिला ती सगळं सांगते आणि एक गोष्ट तिलाही सांगत नाही. आणि मग एक दिवस बाबांची बदली होते, आणि ह्या वेळी कॅमेरा त्या मुलाबरोबर रस्त्यावर थांबत नाही, तो तिच्याबरोबर टेम्पोत बसतो. हा सिनेमा कुणीतरी करा. शक्यतो एखाद्या बाईने करा, जिला त्या खिडकीतून खाली बघताना काय वाटतं ते माहीत आहे.

तो येईपर्यंत ह्या शनिवारी 'शाळा' लावा आणि रविवारी 'दोघी', ह्याच क्रमाने, आणि घरात मुलगे असतील तर त्यांना दोन्ही दिवस बसवा.